घरच्या घरी स्लॉट कार ट्रॅक: आई-बाबांचे नेहमीचे प्रश्न

सोसायटीतले आई-बाबा, मुलीच्या वर्गातले पालक आणि नातवंडांसाठी सेट आणणारे आजी-आजोबा मला हे प्रश्न विचारत असतात. उत्तरं माझ्या अनुभवातून आलेली आहेत, म्हणून काही ठिकाणी माझी ठाम मतंही दिसतील.

स्लॉट कार म्हणजे नेमकं काय? रिमोटच्या गाडीपेक्षा यात वेगळं काय?

ट्रॅकवर प्रत्येक लेनच्या मधोमध एक खाच असते. गाडीच्या पुढच्या भागात खालून एक छोटं पातं लावलेलं असतं, त्याला गाइड म्हणतात. ते खाचेत बसतं आणि गाडीला वळवतं. खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात. गाइडला तांब्याच्या बारीक तारांच्या विणलेल्या दोन छोट्या पट्ट्या लावलेल्या असतात, आमच्या घरी त्यांना वेण्या म्हणतात. त्या ट्रॅकच्या पट्ट्यांवर घासत जातात आणि मोटरपर्यंत वीज पोचवतात. हातातल्या कंट्रोलरचा ट्रिगर जितका दाबाल तितका वेग. स्टिअरिंग नाहीच.

स्टिअरिंग नाही म्हणजे खेळ सोपा, असं वाटतं. पण वळणावर जास्त वेगात गेलात की गाइड खाचेतून निसटतं आणि गाडी ट्रॅकबाहेर फेकली जाते. कुठे दाबायचं आणि कुठे सोडायचं, हाच सगळा खेळ. आणि रिमोटच्या गाडीशी मूल बहुधा एकटं खेळतं, इथे तुम्ही दोघं शेजारी बसून एकाच ट्रॅकवर असता.

हा खेळ जुना आहे. इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांची मिनीमॉडेल्स नावाची कंपनी चावीवर धावणाऱ्या पत्र्याच्या गाड्या बनवायची. त्याच गाड्यांत विजेची मोटर बसवून १९५७ साली स्केलेक्सट्रिक बाजारात आलं. जर्मनीत १९६३ साली करेरा आलं. ही दोन्ही नावं आजही चालू आहेत.

मूल केवढं असावं?

खोक्यावर छापलेलं वय पाळा. तीन वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी करेरा फर्स्टसारखे बॅटरीवर चालणारे हळू सेट मिळतात. करेरा गो साधारण सहा वर्षांपासून चालतो. १:३२ मापाच्या (म्हणजे खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या भागाएवढ्या), हुबेहूब दिसणाऱ्या गाड्या मी स्वतः आठ-नऊ वर्षांच्या आतल्या मुलांना देणार नाही. त्यांचे आरसे आणि स्पॉइलर पहिल्या दोन-चार धडकांतच तुटतात आणि मूल हिरमुसतं.

वयापेक्षा एक चांगली कसोटी आहे: मुलाला ट्रिगर अर्धा दाबून तसाच धरता येतो का? लहान मुलं ट्रिगर बटणासारखा वापरतात, पूर्ण दाबतात नाहीतर पूर्ण सोडतात. अर्ध्यावर बोट थांबवणं जमायला लागलं की १:३२ घ्यायला हरकत नाही.

घरात रांगतं बाळ असेल तर खेळ झाल्यावर गाड्या उंचावर ठेवा. बऱ्याच गाड्यांच्या पोटाशी छोटा, जोरदार चुंबक असतो. असे दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या भिंतीतून एकमेकांना ओढतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. एक जरी गिळल्याचा संशय आला तरी वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा.

१:३२, १:४३ की १:६४?

खरी गाडी साडेचार मीटर लांब धरली, तर १:३२ मध्ये ती १४ सेंटिमीटर होते, १:४३ मध्ये साडेदहा आणि १:६४ मध्ये सात. जागा अगदीच कमी असेल तर १:६४ मध्ये छोट्या टेबलावरही भरपूर वळणं बसतात. पण त्या गाड्या इतक्या झपकन जातात की मुलाला गाडी 'चालवल्याचं' समाधान मिळत नाही, आणि त्यांचे भाग लहान बोटांना धरवत नाहीत. १:४३ टिकाऊ आणि आटोपशीर. जागा आणि बजेट जमत असेल तर माझं मत १:३२ लाच. गाडी उलटी करून मोटर, तिच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक म्हणजे पिनियन, ते ज्याला फिरवतं तो क्राउन गिअर, मागच्या चाकांचा दांडा म्हणजे अॅक्सल हे सगळं मुलाला बोट ठेवून दाखवता येतं.

एकच गोष्ट जपा. वेगवेगळ्या कंपन्यांचे ट्रॅक एकमेकांना थेट जोडत नाहीत. स्केलेक्सट्रिकचा सरळ तुकडा ३५० मिमी लांब असतो, करेराच्या मोठ्या ट्रॅकचा ३४५ मिमी, आणि दोघांचे सांधे निराळे. म्हणून सुरुवातीलाच एक कंपनी ठरवा.

प्लॅस्टिकचे तयार तुकडे घ्यावेत की सुताराकडून लाकडी ट्रॅक करून घ्यावा?

पहिला ट्रॅक तुकड्यांचाच घ्या. आज अंडाकृती, उद्या इंग्रजी आठ, परवा आणखी काही, हे मोडून-जोडून बघण्यातच मुलाला ट्रॅक कळतो. निदान एक वर्ष तरी तुकड्यांवर खेळा. कोणती वळणं मुलाला पुन्हा पुन्हा हवी असतात हे दिसलं, की मग लाकडाचा विचार करा.

लाकडी ट्रॅक मात्र फार देखणा होतो. सांधे नसल्यामुळे गाडी खडखडत नाही आणि वळण हवं तसं काढता येतं. १२ मिमीचा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) घ्यायचा. आपल्याकडे शीट ८ बाय ४ फुटांचं येतं आणि एका शीटमध्ये दोन लेनचा छान ट्रॅक बसतो. राऊटरला (लाकडात खाच कोरायच्या यंत्राला) ३ मिमीचं सरळ पातं लावून साधारण ७-८ मिमी खोल खाच पाडायची, तीही एकदम नाही, दोन-तीन हातांत. वळणासाठी लवचीक प्लॅस्टिकची पट्टी किंवा बारीक लाकडी बीडिंग बोर्डावर हव्या त्या आकारात स्क्रूने बसवा आणि राऊटर तिला टेकवून फिरवा. राऊटरची सवय नसेल तर हे काम सुताराला द्या. रेषा तुम्ही आणि मुलाने आखून ठेवा, तो तासाभरात खाच पाडून देईल. एमडीएफची धूळ वाईट असते, म्हणून हे काम गच्चीवर किंवा वर्कशॉपमध्ये करा, मास्क लावा आणि मुलाला तेव्हा लांब ठेवा.

मग प्रायमर, आणि तो दोन्ही बाजूंना. फक्त वरून रंगवलं तर खालच्या बाजूने ओल शिरते आणि पावसाळ्यात बोर्ड वाकतो. वर मॅट प्लॅस्टिक पेंटचे दोन हात रोलरने मारा. चकचकीत ऑइल पेंट नको, टायर घसरतात. रंग नीट वाळला की खाचेच्या दोन्ही कडांना ६ मिमीची तांब्याची चिकटपट्टी लावायची. हे काम मुलासोबत करण्यासारखं आहे: एकाने रीळ सोडायचं, दुसऱ्याने चमच्याच्या पाठीने पट्टी घासून बसवायची. पट्टी जिथे जोडली असेल तिथे नुसत्या चिकटण्यावर विसंबू नका, डाग द्या, म्हणजे सोल्डर करा.

तांब्याला चुंबक चिकटत नाही, हे आधीच लक्षात घ्या. प्लॅस्टिकच्या ट्रॅकवर चुंबकाच्या जोरावर वळणं घेणारी गाडी लाकडी ट्रॅकवर एकदम मोकळी वाटेल.

दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जागा कुठून आणायची?

रुंदी तीन फूट मिळाली तर १:३२ चा अंडाकृती ट्रॅक बसतो. लांबी मिळेल तेवढी. बोर्ड चार बाय सहाचा करून दिवाणाखाली सरकवता येतो, खाली चाकं लावली की मूलही ओढून काढतं. मधोमध बिजागरी लावून दुमडता बोर्ड करणार असाल, तर सांधा सरळ भागात ठेवा, वळणात नको. भिंतीला बिजागरीने टांगलेला आणि खेळताना खाली पाडायचा बोर्डही चांगला, फक्त भिंतीतले खिळे भक्कम हवेत.

थेट फरशीवर मांडला तरी चालतं, पण धूळ, केस आणि सतरंजीचे दोरे अॅक्सलमध्ये गुंडाळतात. खाली जुनी चादर अंथरा.

ट्रॅकचा आकार कसा ठरवायचा?

नकाशा मुलालाच काढायला सांगा, तुम्ही फक्त तुकडे मोजा. मुलं आधी लांबच लांब सरळ रस्ता मागतात. मांडून द्या, अर्ध्या तासात त्यांच्याच लक्षात येतं की सरळ रस्त्यावर नुसतं दाबून बसायचं असतं. चांगल्या ट्रॅकला एक बऱ्यापैकी लांब सरळ भाग पुरतो. बाकीची वळणं मात्र एकमेकांपेक्षा वेगळी हवीत: एक मोठं आणि वेगाचं, एक केसाच्या पिनेसारखं आवळलेलं, आणि एक डावीकडून उजवीकडे जाणारा नागमोडी तुकडा.

शाळेतलं विज्ञान इथे डोळ्यांसमोर दिसतं. वळणाची त्रिज्या दुप्पट केली तर गाडी दुप्पट वेगाने वळत नाही, सुमारे १.४ पट वेगानेच वळते, कारण बाहेर फेकण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वरच्या वर्गातल्या मुलाला हे सूत्र पाठ असतं, ट्रॅकवर ते बोटाला कळतं.

दुसरी गंमत सुतळीने मोजण्यासारखी आहे. साध्या अंडाकृती ट्रॅकमध्ये बाहेरची लेन आतल्या लेनपेक्षा लांब असते. किती? दोन खाचांमधलं अंतर गुणिले २ गुणिले पाय (π, म्हणजे ३.१४). स्केलेक्सट्रिकमध्ये हे अंतर ७८ मिमी, म्हणजे फरक सुमारे ४९ सेंटिमीटर. ट्रॅक टेबलाएवढा असो की हॉलभर पसरलेला, फरक तेवढाच राहतो. दोन्ही मापं मुलाला सुतळीने घेऊ द्या, ते चकित होतं. मग इंग्रजी आठचा आकार मांडा. एकीकडचं वळण दुसरीकडच्या वळणाने भरून निघतं आणि दोन्ही लेन सारख्याच भरतात. 'तुझी लेन छोटी आहे' हे भांडण त्या दिवशी मिटतं.

आठ मांडायला मध्ये पूल लागतो. चढ हळूहळू द्या. माथ्यावर ट्रॅक एकदम वाकला तर गाडीचं नाक उचलतं आणि गाइड खाचेबाहेर येतं. पूल पक्का करण्याआधी घरातली सगळ्यांत उंच गाडी त्याच्या खालून घालून पाहा.

फॉर्म्युला वन बघणाऱ्या घरांत खरा ट्रॅक करायचा हट्ट होतो. ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, जिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं भारताची ग्रां प्री झाली, ५.१२५ किलोमीटरचं आहे. १:३२ मध्ये त्याचे १६० मीटर होतात. छोटासा मोनॅकोही १०० मीटरच्या वर जातो. म्हणून आवडत्या सर्किटची तीनच वळणं निवडा, ती मनापासून करा आणि बाकीचा ट्रॅक जागेप्रमाणे वळवून घ्या.

गाडी प्रत्येक वळणावर उडते आणि मूल रडकुंडीला येतं. काय करू?

आधी वीज कमी करा. घरच्या सेटचे अॅडॉप्टर साधारण १२ ते १५ व्होल्टचे असतात, आणि नवशिक्या बोटाला हे फार होतात. साध्या म्हणजे अॅनालॉग सेटला ८-९ व्होल्ट दिले, तर तीच गाडी एकदम समजूतदार होते. काही सेटमध्ये वेग कमी करायचं बटण असतं. नसेल तर व्होल्ट कमी-जास्त करता येणारा पॉवर सप्लाय लावा, किंवा अॅडॉप्टर आणि ट्रॅकच्या मध्ये व्होल्ट कमी करणारा एलएम२५९६ चा छोटा मॉड्यूल बसवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत तो सहज मिळतो. तारा जोडायला इलेक्ट्रॉनिक्स येणाऱ्या कुणाची तरी मदत घ्या. मात्र डिजिटल सेटचे (एकाच लेनमध्ये अनेक गाड्या धावतात त्यांचे) व्होल्ट असे कमी करू नका, त्याची यंत्रणा पूर्ण व्होल्टवरच चालते.

मग बोटाचं शिक्षण. पहिल्या दिवशी शर्यत नको. मुलाला सांगा, 'गाडी एकदाही न उडवता पाच फेऱ्या पूर्ण कर, कितीही हळू चालेल.' हळूच्या फेऱ्या झाल्या की वळणाच्या थोडं आधी ट्रॅकच्या कडेला रंगीत टेपचा छोटा तुकडा चिकटवा: इथे ट्रिगर सोडायचा. वळणाच्या मध्यावर दुसरा तुकडा: इथून हळूहळू दाबायचा. काही दिवसांत मूल टेपकडे बघणं सोडतं आणि मोटरच्या आवाजावरून अंदाज घ्यायला लागतं. माझ्या मुलीने एके दिवशी स्वतःच टेप काढून टाकली आणि दुसऱ्या वळणाच्या आणखी जवळ लावली. तिला आणखी उशिरा सोडून बघायचं होतं.

गाडीही तपासा. उलटी करून वेण्या बघा. दोन्ही सारख्याच खाली आलेल्या आणि टोकांना किंचित पिंजारलेल्या हव्यात. फार खाली वाकल्या असतील तर त्या पुढची चाकं उचलतात आणि गाइड खाचेत पूर्ण बसत नाही. पुष्कळदा मुलाच्या माथी मारलेला दोष या वेण्यांचा असतो. मग मागचे टायर: चिकटपट्टीची चिकट बाजू वर करून तिच्यावर चाकं फिरवा, सगळी धूळ निघून येते.

चुंबक काढून टाकावा का?

सुरुवातीला राहू द्या. चुंबक गाडीला लोखंडी पट्ट्यांकडे ओढून धरतो, त्यामुळे मुलाच्या चुका पोटात घातल्या जातात. पण तो जास्त धरतो तेव्हा गाडी वळणावर शेपूट न हलवता जाते आणि अचानक, काही न सांगता उडते. चुंबक काढला की वेग कमी होतो, मागची चाकं आधी घसरायला लागतात, आणि मुलाला दिसतं की आता सोडायला हवं. खरं चालवणं इथून सुरू होतं, आणि हे मी अगदी ठामपणे सांगतो. काढलेल्या चुंबकाच्या जागी पाच-दहा ग्रॅम वजन लावा. मोटारीच्या चाकांच्या बॅलन्सिंगसाठी चिकटवतात ती छोटी लोखंडी वजनं चालतात, शिशाची घेऊ नका. वजन जेवढं खाली आणि मध्यभागी तेवढं चांगलं.

शेपूट घसरायला जागाही लागते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला ट्रॅकच्याच उंचीची दोन-तीन इंचांची किनार द्या. पुठ्ठ्याची चालेल, फोमशीटची उत्तम.

शॉक बसेल का? परदेशातून आणलेला सेट इथे चालेल का?

ट्रॅकवरची वीज कमी दाबाची असते, पट्ट्यांना हात लागला तरी इजा होत नाही. जपायचं ते अॅडॉप्टर आणि भिंतीतलं सॉकेट. अॅडॉप्टर गरम होऊन वास यायला लागला तर तो वापरू नका.

परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेल्या सेटचा अॅडॉप्टर लावण्याआधी वाचा. त्यावर १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त पिन बदलून चालेल. इंग्लंडचा असेल तर तिथलाही दाब २३० व्होल्टच आहे. फक्त १२० व्होल्ट लिहिलेला अमेरिकन अॅडॉप्टर आपल्या सॉकेटला लावू नका, तो जळतो. नवा घेताना व्होल्ट आणि पिनची धन-ऋण बाजू तीच हवी, अँपिअर तितकेच किंवा जास्त हवेत.

मुलं हमखास विचारतात, म्हणून लिहून ठेवतो: गाडी तोंड फिरवून ठेवली तरी ती ट्रॅकवर त्याच दिशेने जाते, फक्त मागे मागे. ट्रॅकची कोणती पट्टी धन आणि कोणती ऋण, यावर दिशा ठरते.

ट्रॅक वाढवला तेव्हापासून लांबच्या टोकाला गाडी मंदावते.

प्रत्येक सांध्यावर थोडी वीज वाया जाते. आधी सांधे घट्ट दाबा, पट्ट्यांची टोकं पक्कडीने किंचित आवळा. एवढ्याने भागलं नाही तर वीज जिथून ट्रॅकमध्ये शिरते तिथून तारांची एक जोडी खालून थेट लांबच्या टोकाला न्या आणि तुकड्याच्या खालच्या बाजूला डाग देऊन जोडा. प्रत्येक लेनला स्वतःची जोडी, डावी पट्टी डाव्याला, उजवी उजव्याला. उलटसुलट झालं तर शॉर्ट होईल. लाल-काळ्या तारा वापरा, आणि कुठली कुठे हे मुलाला कागदावर काढू द्या.

पावसाळ्यात ट्रॅकला गंज चढतो. काय करावं?

मुंबईत, कोकणात आणि गोव्यात हा त्रास ठरलेला आहे. पट्ट्या ओल्या फडक्याने पुसू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसा. हे काम मोठ्यांनी करावं, खिडकी उघडी ठेवून आणि वीज बंद करून. हलका गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि नंतर उडालेले कण नीट टिपून घ्या. करेराच्या पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या असतात, त्यांना हा त्रास कमी. जूनपासून ट्रॅक आवरून ठेवणार असाल, तर तुकडे सिलिका जेलच्या पुड्यांसोबत झाकणाच्या डब्यात ठेवा.

गाडीच्या अॅक्सलला शिलाई मशीनचं तेल टाचणीच्या टोकावर घेऊन द्या, थेंबभर पुरतं. टायरला लागलं तर लगेच पुसा.

डिजिटल सेट घ्यावा का?

डिजिटलमध्ये एकाच लेनमध्ये अनेक गाड्या धावतात आणि बटण दाबून लेन बदलता येते. मोठ्या मुलांना ते फार आवडतं. मुलाचा पहिलाच ट्रॅक असेल तर अॅनालॉग घ्या.

दोन भावंडं, एक मोठं, एक लहान. दर वेळी मोठंच जिंकतं.

मोठ्याच्या लेनचे व्होल्ट कमी करा, किंवा त्याने चुंबक काढलेली गाडी चालवायची. दर पाच मिनिटांनी लेन बदला. आणि क्लबांतली एक चांगली पद्धत घरी आणा: जो शर्यतीत नाही तो वळणावर उभा राहून निसटलेल्या गाड्या परत खाचेत ठेवतो. त्याला मार्शल म्हणतात. लहान मुलं ही जबाबदारी फार गांभीर्याने घेतात. आपल्या भावाची गाडी आधी उचलायची नाही, ज्याची आधी पडली त्याची आधी, हा नियम ती स्वतःच पाळायला लावतात. आईनेही एकदा मार्शल व्हावं, बाबांनीही.

देखावा कशाने करावा?

दिवाळीत किल्ला करणाऱ्या मुलांना हे सांगावं लागत नाही. फक्त माती नको, तिचे कण खाचेत आणि मोटरमध्ये जातात. थर्माकोल, फेव्हिकॉल आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या लगद्याचे डोंगर करा. हिरवा रंगवलेला लाकडी भुसा गवत म्हणून चिकटवा, पण ट्रॅकपासून चार बोटं लांब. किल्ल्यावरचे मावळे प्रेक्षक म्हणून उभे राहिले तर छानच.

सुटे भाग कुठे मिळतात?

सेट ऑनलाइन मिळतात, पण भारतात सुटे भाग चटकन मिळत नाहीत. म्हणून सेटसोबतच वेण्यांची दोन पाकिटं, मागच्या टायरची एक जोडी आणि एक जादा गाइड मागवून ठेवा. आधी झिजतं ते हेच. मोटर गेली तर खेळण्यांच्या दुकानातली तशीच दिसणारी मोटर बसवण्याचा मोह होतो. ती बहुधा ३ ते ६ व्होल्टची असते आणि ट्रॅकवर काही मिनिटांत जळते. घेण्याआधी व्होल्ट विचारा आणि जुन्या मोटरचा दांडा नव्याशी लावून जाडी ताडून पाहा, नाहीतर पिनियन बसणार नाही.